वाचक विचारतात : वाचनालय की जिम?

प्रश्न : ताई, आमच्या लालबागच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट चाललंय. तळमजल्यावर जुनं वाचनालय आहे, नव्या बिल्डिंगमध्ये त्याला खोली ठेवायची का यावरून कमिटीत जुंपलीय. पोरं म्हणतात सगळं मोबाईलवर मिळतं, तिथे जिम करा. मी वाचनसंस्कृती वगैरे बोललो तर हसली. काय सांगू त्यांना?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : काका, पहिलं म्हणजे वाचनसंस्कृती हा शब्द मीटिंगमध्ये काढूच नका, तो ऐकला की आता भाषण सुरू झालं म्हणून माणसं घड्याळ बघायला लागतात.

आणि पोरांचं अर्धं बरोबर आहे हो. मराठी विश्वकोश नेटवर फुकट वाचता येतो, मग त्याचे खंड, जुनी गाइडं, बंद पडलेल्या सिलॅबसची पुस्तकं कशाला सांभाळायची? ती कपाटं खरंच रिकामी करा, जागा होईल.

पण "सगळं मिळतं" हे काही खरं नाही. आपल्याकडे लेखक गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे 1970 साली वारलेल्या लेखकाचं पुस्तकसुद्धा परवानगीशिवाय कोणी नेटवर टाकू शकत नाही, आणि प्रकाशकाने नवी आवृत्ती काढली नसेल तर दुकानातही मिळत नाही. अशी मधल्यामध्ये लटकलेली मराठी पुस्तकं ढिगाने आहेत, ती सापडतात ती वाचनालयातच. आता कोणी म्हणेल मोठी ग्रंथालयं आहेत की, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून आहे, टाउन हॉलला एशियाटिक आहे. आहेतच, संदर्भ शोधायला जरूर जा, पण रात्री जेवण झाल्यावर चप्पल घालून खाली उतरून पुस्तक बदलून आणायचं तर ते चाळीतच पाहिजे ना.

माझं विचाराल तर मीटिंगमध्ये पुस्तकांपेक्षा खुर्च्यांबद्दल बोला. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, त्यात दहावीचं पोर बसणार कुठे? एमपीएससीची तयारी करणारी मुलगी रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत बसली तर घरचे निश्चिंत असतात कारण ती बिल्डिंगखालीच आहे. रिटायर्ड माणसांना सकाळी चार पेपर चाळायला मिळतात, वर ट्रम्पवरून भांडायला मिळतं (हा फायदा प्रस्तावात लिहू नका). काही विकत न घेता दोन तास निवांत बसता येईल अशी जागा या शहरात आता राहिलीय कुठे, कॉफी शॉपमध्ये बसायचं तर आधी दोन-तीनशे रुपये मोजा. आणि जिमवाली पोरंही कधीतरी परीक्षेला बसणारच की.

आता कामाचं. वाचनालय 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता घेतलेलं आहे का बघा, असेल तर अ, ब, क, ड यातल्या दर्जाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. चाळ पाडायच्या आधीच वाचनालय तात्पुरतं कुठे हलणार ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी कळवा, मध्ये बंद पडलं तर अनुदान अडकू शकतं. आणि बिल्डरने तोंडी "देतो" म्हटलं त्यावर जाऊ नका, खोलीचा कार्पेट एरिया ॲग्रीमेंटमध्ये आकड्यात लिहून घ्या.

प्रश्न : दिवाळी अंक वाचनालयातून घ्यावेत की विकत?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दोन्ही! 1909 मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक सुरू केला तेव्हा निवडायचा प्रश्नच नव्हता, आता इतके निघतात की सगळे घ्यायचे तर बोनस संपेल. आवडीचे दोन-तीन विकत घ्या, बाकीच्यांसाठी जवळच्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना बघा, वेगळी वर्गणी भरून अंक बदलून नेता येतात. फक्त नाव लवकर नोंदवा, चांगले अंक पहिल्या आठवड्यातच जातात.