वाचकांचे प्रश्न : रक्त कमी, पायाला मुंग्या आणि मिठागराचं मीठ

या वेळच्या पत्रांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा आलं आहे : “अशक्तपणा आहे, कोणतं टॉनिक घेऊ?” लोह, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व, कशाचीही कमतरता असली तरी माणूस थकतोच. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे. अंदाजाने बाटली आणली तर पैसे जातातच, शिवाय खरी कमतरता झाकून राहते. म्हणून उत्तरांत औषधाआधी तपासणी आली आहे.

प्रश्न : वय ३४. लावणीच्या दिवसांत धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४ आलं. लोहाच्या गोळ्यांनी मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, म्हणून महिन्याभरात सोडल्या. तेव्हापासून बीट, गूळ, खजूर रोज खाते. तीन महिन्यांनी ९.६. रक्त का वाढत नाही? (गुहागर तालुका)

बिटाचा रंग लाल आहे, पण शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. गुळातलं लोह थोडं, तेही ढेपेगणिक बदलणारं. भारतीय स्त्रीसाठी शिफारस आहे रोज २९ मिलिग्रॅमची. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि ९.४ वरून १२ पर्यंतचा पल्ला नुसत्या जेवणाने गाठता येत नाही. त्याला गोळीच लागते. भरून आलेलं टिकवायचं काम जेवणाचं.

गोळीने शौचाला काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळे. त्यात काही वावगं नाही. गोळी चालू नसताना डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं झालं तर मात्र आतड्यात रक्तस्राव होत असू शकतो, लगेच दाखवा.

मळमळीवर उपाय आहे. पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष लोह, किती मिलिग्रॅम लिहिलंय ते पाहा. १०० ची गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून ६० ची घ्या. गोळी एक दिवसाआड घेतली तरी चालते. एकदा लोह घेतलं की शरीर साधारण दिवसभर पुढच्या लोहाचा दरवाजा अर्धा लावून घेतं. त्यामुळे दिवसाआडच्या गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं आणि पोटही कमी बिघडतं. गरोदर बाईने हा प्रयोग करू नये. तिला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, किमान १८० दिवस, हा सरकारी कार्यक्रमातला ठरलेला डोस आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तो फुकट मिळतो.

गोळी कशाबरोबर घेता यावर बरंच अवलंबून आहे. सकाळच्या चहाबरोबर घेतली तर चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. चहा गोळीच्या आधी किंवा नंतर निदान तासभर दूर ठेवा. कॅल्शियमची गोळी आणि दूध दोन तास लांब, थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती चार तास लांब. गोळी घ्यावी लिंबूपाण्याबरोबर, पेरूच्या फोडीबरोबर, आणि काजूच्या हंगामात बोंडूबरोबर, म्हणजे काजूच्या फळाबरोबर. बोंडूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, आणि कोकणात तो झाडाखाली कुजून जातो याचं वाईट वाटतं.

आता रक्त जातं कुठे ते शोधायला हवं. तुमच्या पत्रात लावणीचा उल्लेख आहे. चिखलात अनवाणी उभं राहिलं की हुकवर्म या जंताच्या अळ्या पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्यात चिकटून रोज थोडंथोडं रक्त पितात. ओली, सावलीची जमीन आणि उघड्यावरचा शौच हे त्याला पोषक. आधी बोटांमध्ये खाज, नंतर महिन्यामहिन्यांनी वाढणारा फिकेपणा. शौचाची तपासणी करून अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायची असते, गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच. दुसरी शक्यता पाळीची : पॅड दोन तासांत भिजतं, गाठी पडतात, सात दिवसांपेक्षा जास्त चालते, असं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ती गळती थांबल्याशिवाय गोळ्यांचा उपयोग टिकत नाही.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन अशा दोन तपासण्या करून घ्या. फेरिटिन म्हणजे साठवलेल्या लोहाची पातळी. ती ३० च्या खाली असेल तर साठा रिकामा होत चालला आहे. मात्र अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असला तर फेरिटिन खोटं वर दिसतं, म्हणून बरं झाल्यावर तपासा. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, फार कमी आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची चाचणी करा. त्यात लोहाच्या गोळ्यांचा काही फायदा नाही.

गोळी सुरू झाल्यावर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोनने वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी नीट घेतली जात नाही, गळती चालू आहे किंवा निदान चुकलं आहे. बारावर पोचलं म्हणजे संपलं नाही : साठा भरायला पुढे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, आणि बहुतेकजणी नेमक्या इथेच सोडतात. गोळ्यांचं पाकीट लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेतू शकतं.

स्वयंपाकघरातलं लोह हवं असेल तर तिसऱ्या, कालवं, मटणाचं काळीज यांतलं लोह सगळ्यांत चांगलं शोषलं जातं. शाकाहारी घरात कुळथाची पिठी आणि शेवग्याच्या पाल्याची, म्हणजे शेगलाची, भाजी. वाटीभर पिठीला लागणाऱ्या तीस ग्रॅम कुळीथ पिठात दोन-अडीच मिलिग्रॅम लोह असतं. वर लिंबू पिळलं तर त्यातलं जास्त अंगी लागतं. जेवण झाल्या झाल्या चहा नको.

प्रश्न : वय ५८. मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, अ‍ॅसिडिटीची गोळी रोजची. सहा वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून मासे बंद. तळपायाला मुंग्या येतात, रात्री अंधारात चालताना तोल जातो. सगळे म्हणतात साखरेमुळे. हिमोग्लोबिन १२.८ आहे म्हणजे बी-१२ ठीक असणार ना? (मालवण)

नाही, तसं धरून चालू नका. तुमच्याकडे बी-१२ कमी व्हायची तीन कारणं एकत्र आली आहेत : मासे-अंडी बंद, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि ही गोळी तेच कमी करते. साठी जवळ आली की जठराचं आम्ल आपोआपही कमी होतं.

नसांना इजा हिमोग्लोबिन घसरण्याआधीच होऊ शकते. साखरेच्या मुंग्या आणि बी-१२ च्या मुंग्या वरून ओळखू येत नाहीत. पण तुम्ही लिहिलेलं अंधारातलं तोल जाणं महत्त्वाचं आहे. पाय कुठे ठेवलाय ही जाणीव गेली की माणूस डोळ्यांनी सावरतो, आणि अंधारात ती सोय जाते. जीभ गुळगुळीत, लाल आणि तिखटाने झोंबणारी झाली आहे का तेही आरशात बघा.

बी-१२ ची तपासणी पहिलं इंजेक्शन किंवा गोळी घेण्याआधी करा, नंतरचा आकडा दिशाभूल करतो. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० म्हणजे शंका. शंकेत लक्षणं असतील तर डॉक्टर पुढची चाचणी सांगतात किंवा उपचार सुरू करतात. नसांची लक्षणं असताना सुरुवात बहुधा इंजेक्शनने होते, नंतर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी. उशीर नको, कारण जुनी इजा पूर्ण भरून येईलच असं नाही.

रक्तवाढीच्या नावाखाली नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका. त्याने रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसा मात्र आत बिघडत राहतात. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, वर्षातून एकदा बी-१२ तपासत राहा.

माळ राखून काय खाता येईल? गरज रोज २.२ मायक्रोग्रॅमची. अर्ध्या लिटर दुधा-दह्यातून साधारण तेवढं मिळतं, पण तुमच्या औषधांमुळे ते शोषलं जाईलच याची खात्री नाही, तेव्हा गोळी चालू ठेवावी लागेल. आंबोळीचं पीठ आंबलं की बी-१२ तयार होतं हा समज सोडून द्या, भरवशाचं असं त्यात काही नसतं.

काही वाचकांनी विचारलंय की जून-जुलैची मासेमारी बंदी आणि पाठोपाठ श्रावण, एवढे महिने मासे नाहीत तर बी-१२ संपेल का? यकृतात त्याचा काही वर्षं पुरेल इतका साठा असतो. एका श्रावणाने काही होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठच वापरतात. समुद्राच्या मिठात आयोडीन असतंच, मग पाकिटातलं कशाला? सून गरोदर आहे. (वेंगुर्ले)

समुद्राच्या पाण्यातलं थोडंसं आयोडीन मीठ जमताना बहुतेक मागच्या पाण्यातच राहतं. मिठागराच्या किलोभर मिठात जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, कधी त्याहून कमी. आयोडीनयुक्त मिठात घरापर्यंत पोचेपर्यंत किलोमागे किमान १५ असायला हवं. थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे.

समुद्रातल्या माशांत आयोडीन भरपूर, त्यामुळे रोज मासे खाणाऱ्या घरात गळ्याला गलगंड दिसत नाही आणि सगळ्यांना वाटतं की सगळं ठीक आहे. पण सुनेची गरज साध्या माणसाच्या १५० वरून २५० मायक्रोग्रॅमवर गेली आहे. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ याच दिवसांत होते, आणि तेव्हाची कमतरता नंतर भरून काढता येत नाही. जाडं मीठ मासे खारवायला आणि आंबे मिठात घालायला खुशाल ठेवा, जेवणात मात्र हसऱ्या सूर्याची खूण असलेलं पाकीट वापरा. आयोडीनच्या मिठाने लोणचं काळं पडतं ही भीती निराधार आहे. मीठ उघड्या वाडग्यात चुलीजवळ ठेवू नका. कोकणातल्या दमट हवेत ते पाझरतं आणि पाण्याबरोबर आयोडीनही निघून जातं. घट्ट झाकणाची बरणी आणि कोरडा चमचा हवा. मीठ जास्त खायचं नाही, एकूण पाच ग्रॅमच.

प्रश्न : आईचं ड जीवनसत्त्व १४ आलं होतं. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे सांगितली होती. बरं वाटलं म्हणून तिने वर्षभर तशीच चालू ठेवली. आता बद्धकोष्ठ आहे आणि तहान खूप लागते. (रत्नागिरी)

पुडी आजच बंद करा आणि या आठवड्यात तीन तपासण्या करा : ड जीवनसत्त्व, रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी क्रिएटिनिन. ड शरीरात साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. पातळी फार वाढली की रक्तातलं कॅल्शियम वाढतं : तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, पुढे मूतखडा आणि मूत्रपिंडाला इजा. आईची दोन लक्षणं त्यात बसतात. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर अहवाल येईपर्यंत त्याही थांबवा. उलट्या सुरू झाल्या किंवा बोलण्यात गोंधळ झाला तर वाट न पाहता रुग्णालयात न्या.

१४ ही कमतरताच होती, २० च्या खाली तसं मानतात, तेव्हा सुरुवात बरोबर होती. आठ आठवड्यांनंतर पुन्हा दाखवायला हवं होतं. तिथून बहुधा महिन्याला एक पुडी किंवा रोजचा छोटा डोस ठरतो.

कोकणात ऊन असूनही कमतरता का? जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं, आणि एरवीही सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात लागणारे किरण जवळजवळ नसतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते त्या वेळचं, म्हणजे साधारण अकरा ते दोनचं ऊन लागतं. हात आणि चेहरा उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. काचेआडून काही उपयोग नाही. खाण्यात तारली, बांगडा आणि अंड्याचा बलक. पाटावरून उठताना हात टेकावा लागणं आणि नडगी दाबली की दुखणं या दोन खुणा म्हाताऱ्या माणसांत लक्षात ठेवा.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला रोज नाचणीचं सत्त्व देते. रक्त आणि हाडं दोन्हींना पुरेल का? (राजापूर)

हाडांना चांगलं : शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. रक्ताला पुरत नाही. फडक्यातून गाळताना कोंड्याबरोबर बरीच खनिजं जातात, म्हणून सत्त्वापेक्षा मोडाचं पीठ बरं. नाचणी बारा तास भिजवा, फडक्यात बांधून एक दिवस मोड आणा. पावसाळ्यात सावलीत वाळायला ठेवली की बुरशी येते, तेव्हा मंद आचेवर परतून पूर्ण कोरडी करा आणि मगच दळा. लोहासाठी आशाताईंकडून सिरप घ्या : आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर, त्यात २० मिलिग्रॅम लोह.

प्रश्न : मुलांना उकड्या तांदळाचा वास आवडत नाही. पांढऱ्याने काय बिघडतं? (सावंतवाडी)

भात उकडताना कोंड्यातलं बी-१ दाण्यात उतरतं, म्हणून सडल्यावरही बरंचसं टिकतं. पांढरा पॉलिश तांदूळ तीन-चार पाण्यांनी चोळून धुतला आणि वरचं पाणी ओतून दिलं तर उरलंसुरलंही जातं. पांढरा खायचाच असेल तर एकदाच हलका धुवा, पाणी मोजून घालून भात शिजवा, निथळू नका, आणि रोजच्या ताटात कुळीथ किंवा मूग असू द्या. सकाळी पेज उकड्याचीच करा, पेजेत तो वास मुलांना फारसा जाणवत नाही.