एक जुडी पालक, अर्धा किलो मटण

प्रश्न : ताई, नमस्कार. सुनेचं हिमोग्लोबिन 9.4 आलं. वय 29, गरोदर नाही. ती माहेरची शाकाहारी. आमच्या घरी दर रविवारी सावजी पद्धतीचं मटण असते. मी म्हणते, दोन तुकडे खा, पायाचं सूप घे, महिन्याभरात रक्त भरते. ती मोबाइल दाखवते, की कॅलरीचा हिशेब केला तर पालकात मटणाएवढंच प्रोटीन आहे आणि लोहही कमी नाही. मुलगा दोघींच्या मधात चूप बसून राहते. बाप्पा, खरं कोणाचं?
— एक सासू, महाल, नागपूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला माझ्याच दोन घरांची आठवण झाली. माहेरी अंबाडी आणि पातळ भाजी, सासरी जवसाच्या तेलातलं मटण. दोन्ही स्वयंपाकघरांत मी राबलेली आहे, म्हणून या भांडणात मला कोणाचीच बाजू मनापासून घेता येत नाही.

सुनेनं वाचलेलं खोटं नाही, पण ते ताटातलं नाही. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात जेमतेम 25 कॅलरी आणि दोन-अडीच ग्रॅम प्रथिनं. तेवढ्याच मटणात प्रथिनं 18 ते 20 ग्रॅम, आणि चरबीप्रमाणे कॅलरी शंभरापासून दोनशेपर्यंत. कॅलरीला कॅलरी लावली की पालक खरोखर मटणाशेजारी जाऊन बसतो. मात्र पालकातून शंभर कॅलरी मिळवायच्या तर चारशे ग्रॅमच्या वर पाला खावा लागेल. एवढा पाला एका बैठकीत बकरीच खाईल.

म्हणून मागच्या बुधवारी मी एक उद्योग केला. बुधवार बाजारातून पालकाची एक जुडी आणली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली : 340 ग्रॅम. मुळं, जाड देठ, पिवळी पानं काढली, उरला 215 ग्रॅम. कढईत घातल्यावर दोन मिनिटांत त्याचं जे झालं ते तुम्हाला माहीतच आहे. कढईभर हिरवं रान होतं, ते वाटीभर लगदा होऊन तळाशी बसलं. आम्ही घरात चौघं, म्हणजे माणशी पन्नासेक ग्रॅम पाला. त्यात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास, लोह दीड मिलिग्रॅम.

रविवारी अर्धा किलो मटण आणलं. जेवण झाल्यावर ताटांतली हाडं गोळा करून तीही मोजली. (आमचे हे बघत होते, बोलले काही नाहीत.) 130 ग्रॅम निघाली. म्हणजे माणशी नव्वदेक ग्रॅम मांस. प्रथिनं 17 ग्रॅमच्या घरात, लोह सव्वादोन मिलिग्रॅम. प्रथिनांत मटणानं पालकाला पार मागे टाकलं. लोहात फरक आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. शंभर ग्रॅमचा आकडा पाहिला तर पालक आणि मटण दोन्ही तीनच्या आसपास येतात.

खरा फरक पडतो तो पोटात गेल्यावर. मटणातल्या लोहाचा मोठा हिस्सा रक्ताच्या रंगद्रव्यात बांधलेला असतो, त्याला हीम लोह म्हणतात. शरीर ते 15 ते 35 टक्के उचलतं. भाजीतलं, डाळीतलं, धान्यातलं लोह वेगळ्या रूपात असतं आणि त्याचं शोषण आपल्या जेवणात बरेचदा दहा टक्क्यांच्या आतच घुटमळतं. कारण सोबत पोळीतलं फायटेट, म्हणजे धान्यातलं लोहाला धरून ठेवणारं द्रव्य असतं, आणि वर चहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली प्रौढ स्त्रीसाठी रोजचं लोह 29 मिलिग्रॅम ठरवलं. एवढा मोठा आकडा ठेवावा लागला, कारण खाल्लेल्यातलं बरंचसं लोह अंगी लागतच नाही.

इथं माझी एक जुनी चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी रक्त कमी असलेल्या बायकांच्या हातात छापील यादी द्यायची. पहिलं नाव पालक, दुसरं बीट. एक बाई तीन महिन्यांनी परत आल्या. हिमोग्लोबिन जागच्या जागी. मी विचारलं, पालक खाता ना? म्हणाल्या, रोज. कसा? उकळून, पाणी फेकून, पोळीबरोबर, आणि जेवण झालं की लगेच कपभर चहा. यादी माझी होती, पण हे प्रश्न मी त्यांना आधी विचारले नव्हते. बीटाचं तर नावच काढू नका. लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, एवढाच त्याचा पुरावा. लोह शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमही नाही.

तुमच्या पायाच्या सूपाचंही तसंच आहे, राग मानू नका. त्यात जिलेटिन उतरतं, चव उतरते, थंडीत घशाला बरं वाटतं. लोह फारसं नाही, आणि हाडं कितीही उकळली तरी कॅल्शियम रश्शात नावापुरतंच येतं. लोहच हवं तर बकऱ्याची कलेजी मटणाच्या बरीच पुढे आहे. पण त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं, की पोरगी गरोदर राहायच्या बेतात असेल तर कलेजीचा आग्रह करू नका.

आता पालकाची बाजू. मटणात क जीवनसत्त्व नाही, तंतू नाहीत, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) नावाला. पालकात फोलेट शंभर ग्रॅमला दीडशे मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि रक्ताच्या पेशी घडायला तेही लागतंच. उलट बी-12 एकाही हिरव्या भाजीत नसतं. ते प्राण्यांपासूनच येतं : मटण, अंडी, दूध, दही. तुमची सून मांस खात नाही, तर तिचं लोह आणि बी-12 दोन्ही तपासा. आपल्याकडे शाकाहारी घरांत ही जोडकमतरता मी फार पाहिली आहे.

कॅल्शियमसाठी मात्र पालकावर विसंबू नका. त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियमला धरून ठेवतं. दुधातलं तिसरा हिस्सा अंगी लागतं, पालकातलं वीसातला एक. मेथी त्या बाबतीत बरी.

गंमत अशी, की मांसासोबत खाल्लेल्या भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं. आणि आपण नागपूरकर नेमकं उलटं करतो. रविवारी मटण शिजलं की भाजीला सुट्टी. ताटात तर्री, भाकर, भात, कांदा, लिंबाची फोड, बस. त्या ताटात मेथीचा घोळाना का नको? कोवळी मेथी बारीक चिरायची, कांदा, तिखट-मीठ, कच्चं तेल, शेंगदाण्याचा कूट, वरून लिंबू. शिजवायचं नाही, म्हणून क जीवनसत्त्वही जागेवर राहतं. हे तुमच्यासाठी आणि मुलासाठी.

सुनेला मटणाचा आग्रह सोडा. ज्या घासानं मळमळतं त्या घासाचं लोह कुणाच्या कामाचं? तिच्यासाठी आपली पातळ भाजी करा, पण भाजी बेताची आणि चण्याची डाळ, शेंगदाणे भरपूर. लोखंडी कढईत केली तर उत्तम. गॅस बंद केल्यावर अर्धं लिंबू पिळा, मूठभर सांबार (कोथिंबीर) घाला. अंबाडी मिळाली तर लिंबूही नको, ती स्वतःच आंबट. दही रोज वाटीभर. हिवाळ्यात जेवणावर एक संत्रं, ते आपल्या गावात कुणाला शोधावं लागत नाही. आणि चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर. हे शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड, मला ठाऊक आहे.

पण 9.4 नुसत्या जेवणानं महिन्याभरात भरून येत नाही, ना मटणानं ना पालकानं. डॉक्टरांना दाखवा, लोहाच्या गोळ्या लागतील. कॅल्शियमची गोळी चालू असली तर दोन्ही एका वेळी घेऊ नका. आणि विदर्भात राहतो म्हणून आवर्जून सांगते : सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी आणि फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह दाखवणारी तपासणी) आधी करा. या आजारांत हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण लोह कमी असेलच असं नाही, आणि गरज नसताना लोह चढवलं तर ते शरीरात साठत जातं. पाळी फार जाते का, हेही तिला हळूच विचारा. मुलाला नका विचारायला लावू, तो तुम्ही म्हणता तसा चूप बसेल.

प्रश्न : वय 46. बुधवार-रविवार सावजी ठरलेलं. युरिक ॲसिड 8.2. मित्र म्हणतात पालकही बंद कर, त्यातही प्युरीन असतं. मग खायचं काय?
— नंदनवन

उत्तर : पालक खा. त्यात प्युरीन, म्हणजे ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं ते द्रव्य, आहे हे खरं, पण भाज्यांतल्या प्युरीननं गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) वाढतो असं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. मांस, मासे आणि दारू यांनी वाढतो असं दिसलं आहे. दारूचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, तरी मी केला.

बुधवार सोडा, रविवार ठेवा. मटण हे लाल मांसच, रंग तर्रीचा असो की नसो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये लाल मांसाला ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात टाकलं, आणि सॉसेज-सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला थेट ‘कारणीभूत’ या गटात. आठवड्याला शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅमच्या आत राहिलात तर घाबरायचं कारण नाही. वाटीवर तरंगणारी तर्री मात्र चमच्यानं बाजूला काढा. मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशे कॅलरी असतात आणि तुम्ही पोळी त्यातच बुडवता. आणि सांध्याला सूज आली, की माझ्या सल्ल्याची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : हृदयाची झडप बदलली आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. हिरव्या भाज्या पूर्ण बंद करू का?
— धरमपेठ

उत्तर : बंद नका करू. वॉरफरिन किंवा त्याच्या जातीची गोळी असेल तर भाजीतलं के जीवनसत्त्व तिच्या विरुद्ध काम करतं, म्हणून प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. आठवडाभर काही नाही आणि रविवारी अख्खी जुडी, असं चालणार नाही. भाजीचं प्रमाण बदलणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, ते रक्ताची तपासणी करून गोळीचा डोस ठरवतील.