एल्फिन्स्टन रोड स्टेशनवाला आणि पेशवाई बुडवणारा एल्फिन्स्टन एकच का?

तुम्ही विचारलंय की प्रभादेवी स्टेशनला पूर्वी ज्याचं नाव होतं, त्याच एल्फिन्स्टननं पेशवाई बुडवली का. नाही, ते काका-पुतणे. स्टेशन पुतण्याच्या नावाचं. तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन जॉन हा १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. कॉलेज मात्र काकाच्या, माउंटस्टुअर्टच्या नावाचं, आणि पेशवाईशी संबंध त्याचाच. हा घोळ मीही बरीच वर्षं डोक्यात घेऊन फिरत होतो.

काकाला पुष्कळजण ‘लॉर्ड’ म्हणतात, तेही चूक. स्कॉटलंडच्या उमराव घराण्यातला तो चौथा मुलगा, म्हणजे किताब थोरल्या भावाकडे. सोळाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत लागला आणि १७९६ मध्ये कलकत्त्याला उतरला. १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत तो इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीबरोबर होता. पुढे नागपूर, मग अफगाणिस्तानचा राजा शाह शुजाच्या भेटीसाठी पेशावर, आणि १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील.

पुण्यात त्यानं दुसऱ्या बाजीरावाला एकेक पाऊल मागे रेटत नेलं. १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. खुनाचा आरोप बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर होता, त्या निमित्तानं त्यानं त्यांना ताब्यात मागून घेतलं. ते ठाण्याच्या कैदेतून निसटल्यावर १८१७ च्या तहात त्यानं पेशव्यांकडून मुलूख आणि मराठेशाहीचं पुढारपण दोन्ही सोडवून घेतलं. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. त्या दिवशी संगमावरची त्याची रेसिडेन्सी जळाली, आणि तिच्याबरोबर त्याची पुस्तकं आणि कागदपत्रंही. पण बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं.

पुढच्या काळातला एल्फिन्स्टन मला जास्त विचारात पाडतो. जिंकलेल्या मुलखाची घडी शक्यतो मोडायची नाही, असं त्याचं धोरण होतं. वतनं, इनामं, गावचे पाटील-कुलकर्णी, पंचायती हे सगळं चालू ठेवायचं. साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवलं तेही त्याच बेतानं. याला मी दयाळूपणा म्हणणार नाही. युरोपियनांना मारण्याचा कट उघडकीला आला तेव्हा त्यातल्या पुढाऱ्यांना त्यानं तोफेच्या तोंडी दिलं होतं.

१८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिच्या पैशातून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली ती त्याच्याच काळात. जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्यानं त्याची एक आठवण सांगितली आहे. एल्फिन्स्टनच्या तंबूत मराठी छापील पुस्तकांचा ढीग दिसला, म्हणून ब्रिग्जनं विचारलं, ही कशासाठी? उत्तर आलं, इथल्या लोकांना शिकवण्यासाठी, पण हाच आपला युरोपला परत जायचा रस्ता आहे. मग गव्हर्नर असून तुम्हीच हे सुरू करता? तर म्हणाला, त्यांच्याबाबतचं आपलं कर्तव्य आपण केलंच पाहिजे. ज्यानं इथलं राज्य घेतलं, त्यालाच ते कायम राहणार नाही हे इतक्या लवकर दिसत होतं. मी त्याच्यावर कितीही रागावलो तरी या प्रसंगापाशी थांबतो.

तो परत निघाला तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांवर वर्गणी जमवली, त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. मायदेशी त्याला दोनदा गव्हर्नर जनरलपद देऊ केलं, त्यानं दोन्ही वेळा नकार दिला आणि भारताचा इतिहास लिहीत बसला. लग्न केलं नाही. नोव्हेंबर १८५९ मध्ये सरे परगण्यात तो वारला, तेव्हा मुंबईत गव्हर्नर होता त्याचा पुतण्या, स्टेशनवाला.