लॉकर की मुदत ठेव?

पतसंस्थेच्या वसुली विभागातून निवृत्त झालेल्या एका वाचकांचं पत्र आहे. एका परदेशी कंपनीच्या अॅपवर त्यांनी दोन वर्षांत ४ लाख ६० हजार रुपयांचे क्रिप्टो कॉइन घेतले. त्यातले साधारण तीन चतुर्थांश अॅपमधल्याच ‘अर्न’ योजनेत टाकले, कारण तिथं दरमहा व्याज जमा होत होतं. उरलेले वॉलेटमध्येच राहिले. चौदा महिन्यांपूर्वी पैसे काढणं बंद झालं. आता कंपनीचा ईमेल आलाय: पंधरा दिवसांत नव्या अटी मान्य करा, म्हणजे टप्प्याटप्प्यानं परतफेड सुरू होईल. ते विचारतात, ‘आय अॅग्री’ दाबू का? आणि सरकार कर घेतं, कंपनीची सरकारदरबारी नोंद आहे, मग आमच्या पैशांना सरकारचं काहीच संरक्षण नाही का?

क्रिप्टोत जोखीम असते वगैरे सांगण्यात मी जागा घालवत नाही. अशी पत्रं माझ्याकडे सारखी येतात आणि प्रत्येकात तोच एक कागद नसतो. तुम्ही मला नफ्याच्या आलेखाचे अकरा स्क्रीनशॉट पाठवलेत, कस्टमर केअरशी झालेल्या संभाषणाचे दोन, आणि करारनाम्याचा एकही नाही. मागितल्यावर ४६ पानांची पीडीएफ आली, तीसुद्धा ‘हीच असावी’ अशा चिठ्ठीसह. इतकी वर्षं वसुलीत काढलीत, तुमच्यासमोर बसून ‘साहेब, सही केली पण वाचलं नव्हतं’ म्हणणारे किती जामीनदार आले असतील? त्यांना तुम्ही काय उत्तर दिलंत ते आठवा.

त्या ४६ पानांत तुमचं प्रकरण ठरवणारी दोनच कलमं आहेत. वॉलेटबद्दलचं कलम म्हणतं की कंपनी कॉइन ‘ग्राहकाच्या वतीनं’ सांभाळते. ‘अर्न’चं कलम मराठीत सांगायचं तर असं: या योजनेत ठेवलेल्या मालमत्तेवरचे सर्व हक्क आणि मालकी ग्राहक कंपनीकडे सोपवतो, कंपनी ती ग्राहकाला न कळवता तारण ठेवू शकते, उसनी देऊ शकते, विकू शकते. हे कलम बारीक अक्षरात लपवलेलंही नाही. इतर मजकुराच्याच आकारात, सरळ छापलेलं आहे.

तुमच्याच भाषेत सांगते. वॉलेट म्हणजे लॉकर. बँक बुडाली तरी लॉकरमधलं मंगळसूत्र बँकेच्या धनकोंना, म्हणजे बँकेकडून पैसे येणं असलेल्यांना, वाटलं जात नाही. ‘अर्न’ म्हणजे मुदत ठेव. पैसा बँकेचा झाला, तुमच्या हाती उरला फक्त परत मागण्याचा हक्क. फरक इतकाच की बँकेतल्या ठेवीमागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथं काहीही नाही. तुम्ही विनातारण धनको आहात, आणि विनातारण धनकोची रांगेतली मागची जागा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

हा नुसता पुस्तकी फरक नाही. अमेरिकेतली सेल्सियस ही क्रिप्टो कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. ४ जानेवारी २०२३ रोजी न्यू यॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयानं तिच्या ‘अर्न’ खात्यांतले कॉइन कंपनीच्या मालमत्तेत धरले. खाती सुमारे ६ लाख, रक्कम अब्जावधी डॉलर, आणि आधार अटींमधल्या मालकीच्या कलमाचा. उलट न्यूझीलंडच्या क्रिप्टोपिया या बुडालेल्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या बाबतीत तिथल्या उच्च न्यायालयानं एप्रिल २०२० मध्ये कॉइन ही मालमत्ता आहे आणि कंपनी ती खातेदारांसाठी विश्वस्त म्हणून धरून होती, असं ठरवलं. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयानं २५ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त नात्यानं धरता येते, असं म्हटलंय. त्या अर्जदार बाईंनी १ लाख ९८ हजार ५१६ रुपयांना घेतलेले कॉइन एक्स्चेंजवर अडकले होते. तो आदेश अंतरिम स्वरूपाचा आहे आणि दुसऱ्या राज्यातल्या उच्च न्यायालयाचा आहे, म्हणून त्यावर इमला बांधू नका. पण वॉलेटमधल्या पाव हिश्श्यासाठी आज तुमच्या हातात याहून चांगला कागद नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, दोन मागण्या वेगळ्या करा. वॉलेटमधले कॉइन ‘माझे मला परत द्या’ म्हणून मागायचे, ‘अर्न’मधले ‘येणं’ म्हणून. कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘एकूण शिल्लक’ असा एकच रकाना असेल तर तो जसाच्या तसा भरू नका. लॉकरमधला ऐवज तुम्ही स्वतःच्या हातानं मुदत ठेवीत टाकाल.

दुसरी गोष्ट, ‘अर्न’ सुरू केल्याच्या दिवशी नेमक्या कोणत्या अटी लागू होत्या? तुम्ही पाठवलेल्या पीडीएफवर ‘सुधारित’ म्हणून जी तारीख आहे ती तुमच्या पहिल्या हस्तांतरणानंतर पाच महिन्यांची आहे. मालकीचं कलम या सुधारणेतच घुसलं असेल, आणि तुम्ही त्याला वेगळी संमती दिल्याचा पुरावा कंपनीकडे नसेल, तर सगळं चित्र पालटू शकतं. त्या काळातल्या ईमेलमध्ये ‘आमच्या अटींमधील बदल’ अशा विषयाचा ईमेल शोधा, प्रमोशन्स आणि स्पॅममध्येही. सोबत फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, काढा. जुलै २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टोसारख्या मालमत्तेच्या, हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस कापावा लागतो. कॉइन ‘अर्न’मध्ये गेले तेव्हा कंपनीनं तो कापला नसेल, तर ‘मालकी बदलली असं तेव्हा तुम्ही तरी कुठं मानलं होतं?’ असा सवाल तिला करता येईल. हा मुद्दा जिंकून देईलच असं नाही, पण कंपनीला उत्तर द्यावं लागेल.

आता सरकारबद्दल. कर लावला म्हणजे मान्यता दिली, हा समज काढून टाका. कर लावणं म्हणजे वैध ठरवणं नव्हे, हे अर्थमंत्र्यांनीच फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यसभेत सांगितलंय. राहिली ‘नोंदणी’. मार्च २०२३ पासून या कंपन्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू झाला, म्हणून त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंद करावी लागते. ती यंत्रणा तुमचा पैसा काळा आहे का हे बघते. तुमचा पैसा कंपनीनं कुठं ठेवलाय, हे बघणं तिचं कामच नाही. शेअर बाजारात ते काम सेबी करते. कार्व्ही ब्रोकिंगनं ग्राहकांचे शेअर तारण ठेवल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. २२ नोव्हेंबरला सेबीचा आदेश आला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बहुतेक ग्राहकांचे शेअर त्यांच्या डिमॅट खात्यांत परत आले. ते जमलं, कारण शेअर कोणाचे याची नोंद डिपॉझिटरी या त्रयस्थ संस्थेकडे होती, ब्रोकरच्या अॅपमध्ये नव्हे. क्रिप्टोला असं त्रयस्थ वहीखातं नाही. ग्राहकांचे कॉइन वेगळेच ठेवा, कंपनीच्या धनकोंना त्यांवर हात टाकता येणार नाही, असा नियम युरोपीय संघानं केलाय आणि तो ३० डिसेंबर २०२४ पासून तिथल्या कंपन्यांना लागू आहे. आपल्याकडे कर आधी आला, संरक्षणाचा कायदा अजून यायचाय. तोवर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रारी टाकून उपयोग नाही.

महाराष्ट्रात राहत असल्यामुळे एक दार मात्र उघडं आहे. आपला १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी. त्यातली ‘ठेव’ची व्याख्या फक्त रोख पैशापुरती नाही. परत देण्याच्या बोलीवर घेतलेली ‘मौल्यवान वस्तू’ही तिच्यात येते. म्हणजे ज्या कलमानं तुमची मालकी गेली, तेच कलम ही ठेव होती असं दाखवायला उपयोगी पडू शकतं. कॉइनला ही व्याख्या लागू होईल असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही, पण आर्थिक गुन्हे शाखेकडच्या तक्रारीत हा मुद्दा लिहाच. वेळेचा हिशेब मात्र मनाशी ठेवा. एनएसईएल या शेतमालाच्या वगैरे सौद्यांच्या एक्स्चेंजचे व्यवहार जुलै २०१३ मध्ये थांबले, आणि याच व्याख्येचा अर्थ सर्वोच्च न्यायालयातून एप्रिल २०२२ मध्ये कळला. पावणेनऊ वर्षं, तीही फक्त ‘ठेव’ या शब्दासाठी.

ग्राहक आयोगाचं दार त्या मानानं जवळ. तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते, आणि वाद लवादाकडेच न्यायचा अशा करारातल्या कलमानं ते दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. नफ्यासाठी गुंतवणूक करणारा ‘ग्राहक’ ठरतो का, यावर कंपनी भांडेल आणि निकाल कुठंही झुकू शकतो. पण मुदत दोन वर्षांची आहे आणि त्यातले चौदा महिने तुम्ही ‘कृपया लक्ष घालावे’ छापाचे ईमेल पाठवण्यात घालवलेत. ईमेलनं मुदत थांबत नाही. कंपनीनं परदेशातल्या न्यायालयाकडून तिच्यावरच्या दाव्यांना स्थगिती मिळवली असेल तर गुंता वाढेल, म्हणून तिची आजची स्थिती आधी तपासून घ्या.

आणि ते बटण. नव्या अटींत तीन गोष्टी शोधा: ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ हे शब्द, वॉलेट आणि ‘अर्न’ एकत्र करणारं वाक्य, आणि कॉइनचं मूल्य कोणत्या तारखेचं धरणार ती तारीख. एफटीएक्स या बुडालेल्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या खातेदारांचे दावे ११ नोव्हेंबर २०२२ च्या भावानं मोजले गेले. बिटकॉइन तेव्हा १७ हजार डॉलरच्याही खाली होता, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यानं १ लाख डॉलर ओलांडले. या तिन्हींपैकी एकही गोष्ट सापडली तर बटण दाबण्याआधी वकिलामार्फत लेखी हरकत नोंदवा. पंधरातले सहा दिवस पत्र माझ्यापर्यंत येण्यातच गेलेत. मला आता आलेख पाठवू नका, नव्या अटींची पूर्ण प्रत आणि ‘अर्न’ सुरू केल्याच्या तारखेचा ईमेल पाठवा.