इंजेक्शन देऊनही रूट कॅनल करताना खालची दाढ का दुखते?

ओठ बधिर झाला म्हणजे दाढेची नस बधिर झाली असं नाही, गोंधळ तिथेच होतो. खालच्या जबड्याचं हाड मागच्या बाजूला जाड असतं, औषध त्यातून नीट झिरपत नाही. म्हणून जबड्याच्या मागे, नस हाडात शिरते तिथे इंजेक्शन देतात. सुई थोडी इकडेतिकडे झाली की परिणाम अर्धवट. नेम बरोबर बसला तरी दाढेपर्यंत असर पोचायला १०-१५ मिनिटं लागू शकतात; घाई केली की पेशंट ओरडतो.

दुसरं कारण म्हणजे सूज. सुजलेल्या भागात आम्लता वाढते, त्यामुळे लिडोकेन (बधिर करणारं औषध) नसेत कमी शिरतं. शिवाय दुखरी नस आधीच चवताळलेली असते.

अशा वेळी तेच इंजेक्शन पुन्हा देण्यापेक्षा दाढेच्या गालाकडच्या बाजूला ४% आर्टिकेन (बधिर करणारं दुसरं औषध) देणं बहुधा जास्त उपयोगी पडतं. तेही पुरलं नाही तर दात आणि हाडाच्या मधल्या फटीत प्रत्येक मुळाशी सुमारे ०.२ मिली. शेवटचा उपाय थेट दाताच्या नसेत. क्षणभर जोरात कळ येते, मग शांत.

तासभर आधी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतल्याने फरक पडतो, पण अल्सर, किडनीचा त्रास, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि दुखलं की हात वर करायचा, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.