रंगासाठी कर्ज नको, आधी गाडी चालती करा

प्रश्न : मी 1951 सालचा, विलीज या जीपवाल्या कंपनीचा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप विकत घेऊन घरीच दुरुस्त करतोय. दोन वर्षांत पाच महिन्यांच्या पगाराइतके पैसे गेले. इंजिन बांधून झालंय, बाकी गाडी सुटी पडली आहे. पत्राकाम, रंग आणि सीट यांसाठी चार पगारांचा खर्च सांगितलाय. त्यासाठी तीन वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढावं का? तयार झालेली अशीच एक गाडी बारा पगारांच्या भावाला जाहिरातीत पाहिली. दुसरीकडे, आहे त्या अवस्थेत दीड पगाराला मागणारा एक ग्राहकही आहे.

उत्तर : कर्ज काढू नका. पण लगेच विकूनही टाकू नका.

तुमच्या पत्रातला एक आकडा आधी बाजूला ठेवू, तो म्हणजे गेलेले पाच पगार. ते गेले. तुम्ही पुढे काहीही ठरवलंत तरी ते परत येणार नाहीत, त्यामुळे निर्णयाच्या वहीत त्यांना जागा नाही. आज तुमच्यापुढे एवढंच आहे : दीड पगार हातात घ्यायचा, की आणखी पैसे घालायचे आणि किती.

आता कर्जाचं बघू. चार पगारांचं कर्ज, व्याज 14 टक्के, मुदत तीन वर्षं धरली तर हप्ता पगाराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका बसतो आणि एकूण व्याजात जवळजवळ एक पगार जातो. त्यात गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी), ब्रेक आणि वायरिंग नाहीच. तुम्ही पाठवलेल्या यादीवरून तो खर्च सव्वा पगाराचा दिसतो. शिवाय जुन्या गाडीचा पत्रा कापायला घेतला की आतून काय निघेल, हे अंदाजपत्रक देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अशा कामाच्या आकड्यात मी नेहमी निम्मी भर घालतो, म्हणजे आणखी दोन पगार. गेलेले पाच धरून बेरीज सव्वातेरावर जाते, तीही तुमच्या रविवारांची मजुरी शून्य धरून. जाहिरातीतले बारा पगार हा विकणाऱ्यानं मागितलेला भाव आहे, कुणी मोजलेला नाही. यातून नफा निघणार नाही. छंद म्हणून खर्च करणार असाल तर माझी काही हरकत नाही, मात्र घरच्या हिशेबात तो ‘गुंतवणूक’ या रकान्यात लिहू नका.

मग करायचं काय? जो हप्ता तुम्ही 36 महिने भरायला तयार आहात, तोच दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. नऊ महिन्यांत सव्वा पगार जमतो आणि गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर चालू लागते. रंग नसेल, एक दरवाजा हिरवा आणि दुसरा तांबडा प्रायमरचा असेल, पण चालेल. पुढेही हप्ता तसाच चालू ठेवलात तर तीन वर्षांच्या शेवटी पत्रा-रंगाचे पैसेही जवळजवळ जमलेले असतात, व्याजाचा एक पैसा न देता.

चालती गाडी आधी म्हणतोय त्याला बाजाराचं कारण आहे. खोक्यात भरलेली गाडी घेणाऱ्याला दिसते ती हरवलेल्या नटबोल्टांची भीती, म्हणून तो दीड पगार सांगतो. तीच गाडी सुरू करून, चारही चाकं फिरवून दाखवलीत की बोलणी वेगळ्या आकड्यापासून सुरू होतात. म्हणजे मध्येच विकायची वेळ आली तरी तुम्ही आजच्यापेक्षा बऱ्या जागी असाल. आधी रंगवून मग जोडणी केली तर पाना निसटतो, दरवाजा घासतो, आणि त्याच जागी दुसऱ्यांदा रंगाचे पैसे जातात. आजपासून प्रत्येक बोल्टच्या डब्यावर चिठ्ठी लावा, हे फुकटचं काम आहे.

या गाडीत तुमच्या बाजूनं दोन गोष्टी आहेत. तिचं ‘हरिकेन’ नावाचं इंजिन आणि ट्रान्सफर केस जीपच्याच घराण्यातले, त्यामुळे त्यांचे सुटे भाग नव्यानं बनवलेले मिळतात. समोरची काच दोन सपाट तुकड्यांची असते, तीही कापून घेता येते. पैसे खातो तो केबिनचा आणि हौद्याचा पत्रा. आणि 6 व्होल्टचं वायरिंग 12 व्होल्टचं करण्याचा मोह. तो केलात की बल्ब, कॉइल, डायनामो, मीटर एकामागून एक बदलत जातात. सध्या 6 व्होल्टच ठेवा, फक्त जाड केबल नवी घाला. कमी व्होल्टेजला करंट जास्त लागतो, आणि बारीक वायरवर स्टार्टर नुसता कण्हतो. ब्रेकवर मात्र काटकसर नको. या गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट असतं, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. (जुन्या ब्रेक शूजमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि जुन्या रंगात शिसं. हवेच्या दाबानं उडवू नका, कोरडं घासू नका. दवाखान्याचं बिल माझ्या कोष्टकात नाही.)

हे सगळं एका अटीवर : चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, शाबूत हवी. गाडी सुटी आहे तोवर तपासायला यापेक्षा सोयीची वेळ नाही. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे आणि केबिनच्या खालच्या भागात, दोन्ही बाजूंना हातोडीनं ठोकत जा. ठण् वाजलं तर लोखंड आहे. भद्द आवाज आला तर तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. टोक आत गेलं, आणि असं दोन-तीन ठिकाणी झालं, तर माझा सल्ला बदलतो : दीड पगार घ्या आणि मोकळे व्हा.

सहा महिन्यांच्या घरखर्चाची जी ठेव आहे, तिला यातल्या कशासाठीही हात लावायचा नाही. गाडी रस्त्यावर आली की ठरलेल्या किमतीचा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला, विमा मागा. साध्या विम्यात घसारा वजा जाता सत्तर वर्षांच्या गाडीची किंमत जवळपास काहीच उरत नाही.

ग्राहकाला आठवडाभर थांबायला सांगा. तेवढ्यात हातोडी फिरवून होईल.