‘असंपृक्त विकर’ की ‘असंपृक्तकारी विकर’?

प्रश्न असा आहे : जिवाणूंमध्ये कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये बनवणाऱ्या ‘फायटोईन डिसॅच्युरेज’ या विकराला (एन्झाइमला) मराठीत ‘फायटोईन असंपृक्त विकर’ म्हणावे का, आणि मूळ नावच ठेवले तर त्याचे लिंग कोणते मानावे?

‘असंपृक्त विकर’ मला मान्य नाही. ‘असंपृक्त’ हे विशेषण अवस्था दाखवते, त्यामुळे ते विकराला जोडले की विकरच असंपृक्त ठरते. प्रत्यक्षात असंपृक्त होतो तो फायटोईनचा रेणू, आणि त्याला तसे करणारे ते विकर. म्हणून कर्त्याचा अर्थ आणणारे ‘असंपृक्तकारी’ हे रूप हवे.

मुळात ‘संपृक्त’ हा शब्दही थोडा उलगडून सांगावा लागतो. लॅटिन ‘सातुर’ म्हणजे पोट भरलेला, तृप्त. कार्बनचे हात हायड्रोजनने पुरते भरले की तो रेणू तृप्त, असे मूळ शब्दातले चित्र आहे. आपला ‘संपृक्त’ मात्र ‘पृच्’ या मिसळणे, जोडणे अशा अर्थाच्या धातूपासून आलेला असल्याने ते भरल्या पोटाचे चित्र त्यात उतरत नाही, आणि शाळेत शिकलेले मिठाचे संपृक्त द्रावणच वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. तरीही संपृक्त आणि असंपृक्त हायड्रोकार्बन ही जोडी पाठ्यपुस्तकांत इतकी रुळली आहे की ती आता बदलू नये.

हे विकर काय करते ते पाहिले की नावाचा अर्थ स्पष्ट होतो. फायटोईनमध्ये ४० कार्बन आणि ६४ हायड्रोजन असतात आणि त्याला रंग नसतो. विकर चार टप्प्यांत, दर टप्प्याला दोन, असे आठ हायड्रोजन काढून घेते. प्रत्येक वेळी एक नवा दुहेरी बंध तयार होतो आणि शेवटी टोमॅटोला लाल करणारे लायकोपीन हाती येते. प्रयोगशाळेत फायटोईन बनवू शकणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूमध्ये या विकराचे जनुक घातले, की बशीतल्या फिकट वसाहती लालसर दिसू लागतात. वनस्पतींना याच कामासाठी अनेक विकरे लागतात, जिवाणूचे मात्र एकटेच ते पार पाडते. म्हणूनच २००० साली जाहीर झालेल्या सोनेरी तांदळासाठी, म्हणजे दाण्यात कॅरोटिनॉइडे बनावीत म्हणून जनुके घातलेल्या तांदळासाठी, जिवाणूचे जनुक निवडले गेले.

ते जनुक ज्या जिवाणूचे, त्याचे जुने नाव अर्विनिया युरेडोव्होरा, म्हणजे शब्दशः ‘तांबेरा (पिकांवरची बुरशी) खाणारा’. आजच्या पँटोइया अननॅटिस या नावात तर पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला आपला अननसच बसला आहे.

माझी सूचना अशी की लेखात ‘फायटोईन डिसॅच्युरेज’ हेच नाव ठेवावे आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘फायटोईनला असंपृक्त करणारे विकर’ असा खुलासा द्यावा. ‘असंपृक्तकारी’ हे रूप पारिभाषिक यादीसाठी योग्य आहे. ‘विकर’ नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘हे डिसॅच्युरेज’ असेच लिहावे, आणि अनेकवचनी ‘डिसॅच्युरेजे’ कानाला खटकत असल्याने ‘डिसॅच्युरेज विकरे’ म्हणावे.